त्या ‘ओसाड’ डोंगरावर सात भरल आहेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत राष्ट्रीय उद्यानांवर दोन पानी लेख आला आहे. त्यात लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाचं अर्धं पान व्यापणारं छायाचित्र आहे आणि खाली ओळ आहे : ‘नजर जाईल तिथवर ओसाड डोंगररांगा’. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशे बघायचं भिंग अजून टेबलावरच असतं, कारण आता वर्तमानपत्र वाचायलाही ते लागतं. सवयीनं ते त्या फोटोवर फिरवलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, घसाऱ्याच्या जरा वर, तिरक्या ओळीत सात ठिपके आहेत. प्रत्येकाची खालची बाजू पांढरट आहे. दगडांची पोटं पांढरी नसतात. ते भरल आहेत, ज्यांना निळी मेंढी म्हणतात ते. आठवा ठिपकाही आहे, पण तो बहुधा दगडच.

लेख वाईट नाही. काझीरंगा, कान्हा, पेरियार यांच्यावर भरभरून लिहिलंय. पण हेमिसबद्दल ‘झाडी नसल्यामुळे पाहण्यासारखं फारसं नाही, मठ मात्र चुकवू नये’ असा सल्ला आहे आणि जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क ‘वाळू आणि उंट’ एवढ्यावर उरकलंय. हे वाचून मला राग यायला हवा होता. आली ती शरम, कारण हे मीच शिकवलेलं आहे. सहामाहीच्या पेपरात ‘वाळवंटात ......... आढळत नाही’ अशी रिकामी जागा मी कितीदा तरी घातली असेल. उत्तर ‘वनस्पती’. कुणी ‘पाणी’ लिहिलं तर अर्धा गुण.

एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, राजस्थानचं वाळवंट नकाशात हिरवं कसं?” प्राकृतिक नकाशात सखल भाग हिरवा रंगवतात, उंच भाग पिवळा, तपकिरी आणि सगळ्यात वरचा पांढरा. रंग उंचीचा असतो, झाडांचा नसतो. मी तेवढं सांगून तिला खाली बसवलं. जैसलमेर समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरवर आहे, म्हणून हिरवं. उत्तर बरोबरच होतं. पण त्या वर्गातून पन्नासेक मुलं हिरवं म्हणजे चांगलं, तपकिरी म्हणजे रिकामं हे मनात धरून बाहेर पडली आणि त्यांच्यातलंच कुणीतरी आज आपल्याकडे छायाचित्रांखालच्या ओळी लिहीत असेल, अशी मला शंका आहे.

हेमिसला मी गेले २०१८ च्या सप्टेंबरात, निवृत्तीनंतर. लेहमध्ये तीन दिवस विरळ हवेची सवय केली, मग झिंगचेनकडून घळीघळीनं चालत रुंबाक गाठलं. मोजक्या घरांचं गाव, उंची चार हजार मीटरच्या आसपास. ज्या घरी उतरले तिथली मालकीण मला ‘आमा-ले’ म्हणायची, म्हणजे आई, आदरानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ओढ्यापलीकडच्या उतारासमोर बसवलं आणि म्हणाली, बघा. मी वीसेक मिनिटं बघत होते. राखाडी उतार, राखाडी दगड, मध्येच गवताचे खुरटे झुबके. मग एक दगड घरंगळला. तो जिथून सुटला तिथे एक खूर दिसला, खुराच्या वर पाय, पायावर काळी रेघ आणि त्या रेघेवर एक अख्खं जनावर. एक दिसल्यावर शेजारचं दिसलं. पाच मिनिटांत तेवीस मोजले, आणि ते सगळे मी यायच्या आधीपासून तिथेच चरत होते. मालकीणबाई तोवर लोकर कातत होत्या. त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, “किती?”

त्या घळीतले खडक हा स्वतंत्र विषय आहे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, माफ करा. झिंगचेनच्या वाटेवर दोन्ही बाजूंना थर आहेत, जांभळट तांबडे, हिरवट, राखाडी. ते आडवे नाहीत. कपाटात वह्या उभ्या लावाव्यात तसे उभे आहेत. एका थरात लिंबाएवढे, नारळाएवढे गोटे गच्च रुतलेले. मी एकावर हात ठेवला. गुळगुळीत, गोल. वाहत्या पाण्यात लोळल्याशिवाय दगडाला असा गोलपणा येत नाही. म्हणजे हा नदीचा तळ. नदीनं तो आडवा अंथरला, वर गाळ साचत गेला, त्याचा खडक झाला, आणि भारतीय भूपट्ट आशियाला रेटत राहिल्यानं तो तळ काटकोनात उभा राहून माझ्या हाताशी आला. ही टक्कर सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि अजून थांबलेली नाही. टेबलावर दोन वह्या एकमेकींवर ढकलून हिमालय कसा झाला ते मी दर वर्षी दाखवायचे. तो गोटा हाताला लागेपर्यंत मला स्वतःला ते खरं वाटलं नव्हतं, असं आता वाटतं. जंगलात हे दिसत नाही. तिथे माती आणि पानांनी सगळं झाकलेलं असतं. उघड्या डोंगरावर पृथ्वी स्वतःची हाडं दाखवते, आणि आपण म्हणतो काही नाही.

हिमबिबट्या मला दिसला नाही. हे लिहायला कमीपणा वाटत नाही. त्याची खूण दिसली. एका पुढे झुकलेल्या कड्याखाली त्यानं मागच्या पायांनी उकरलेली जमीन होती आणि कड्यावर ओलसर डाग. मालकीणबाईंच्या मुलानं नाक जवळ न्यायला सांगितलं. नेलं. उग्र दर्प, मांजराच्याच जातीचा. एका बाजूला दगडात कॅमेरा लपवलेला होता. हिमबिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून एकेक जनावर ओळखता येतं. देशभरातली अशी मोजणी २०१९ ते २०२३ दरम्यान झाली आणि २०२४ च्या जानेवारीत आकडा जाहीर झाला : भारतात ७१८ हिमबिबटे, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. तुमच्या लेखात वाघांची संख्या चार वेळा आली आहे. हा आकडा एकदाही नाही.

रुंबाकमध्ये पूर्वी हिमबिबट्या कोणाला आवडत नसे. तो रात्री गोठ्यात शिरला की एक मेंढी मारून थांबत नाही. कोंडलेल्या जागेत पळापळ होते आणि तो हाताला लागेल तिला मारत सुटतो. सकाळी घराची निम्मी मालमत्ता मेलेली. मग लोक त्याला मारत. आता गोठ्यांवर जाळी आली आहे, आणि त्याला बघायला येणारे पाहुणे घरोघर उतरतात. माझ्यासारखी एखादी म्हातारी खडकच बघत बसते, पण उतरते तिथेच.

ओढ्याकाठी विलो होते, काटेरी सीबकथॉर्न होतं. नारिंगी फळांनी फांद्या लगडलेल्या. या झुडपाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, म्हणून जिथे नुसती रेती-गोटे तिथे ते आधी येतं आणि मागून येणाऱ्यांसाठी माती तयार करतं. ओढ्यापासून पन्नास पावलं वर गेलं की हे सगळं संपतं. डोंगराची गंमत ही की तिथे पन्नास पावलांना किंमत असते. एक किलोमीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सपाटीवर एवढा फरक पडायला शेकडो किलोमीटर उत्तरेला जावं लागेल. सिक्कीमचं कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान बघा. क्षेत्र १,७८४ चौरस किलोमीटर, पण खालचं टोक १,२२० मीटरवर आणि वरचं ८,५८६ मीटरवर. सात किलोमीटरहून जास्त उभी उंची! पायथ्याशी दमट रान आणि माथ्यावर बर्फ. ते सपाट कागदावर मावत नाही, म्हणून नकाशात ते उद्यान लहान दिसतं.

आता वाळवंटाकडे. किंबहुना आपण अजून वाळवंटातच आहोत. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे वाळवंट, ही व्याख्या मी शिकवायचे. लेहला बर्फ धरून जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. जैसलमेरला त्याच्या दीडपट-दुप्पट. म्हणजे हिमालयातलं लेह थरच्या वाळवंटापेक्षा कोरडं. हे वर्गात सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नसे, कारण वाळवंट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वाळूची टेकडी आणि तिच्यावर उंटाची सावली. ती माझ्याही डोळ्यांपुढे होतीच. २०२२ च्या मार्चमध्ये मी डेझर्ट नॅशनल पार्कला पोचले तेव्हा पहिला प्रश्न विचारला, वाळू कुठाय?

उद्यान आहे ३,१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत. (नावात नॅशनल पार्क असलं तरी कायद्याच्या कागदावर ते अभयारण्य आहे, आणि आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे लहान वस्त्या आहेत, शेतं आहेत.) वाळूच्या टेकड्यांनी त्याचा फक्त पाचवा हिस्सा व्यापलाय. बाकी खडकाळ माळ, बारीक खडीची सपाटी, खारट तळ्यांचे सुकलेले तळ आणि गवतानं बांधून ठेवलेली वाळू. झाडंही आपल्या ओळखीचीच निघाली. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी. रोहिडा म्हणजे रक्तरोहिडा, तो नेमका फुललेला होता, पानं नावापुरती आणि शेंदरी-पिवळी फुलं झाडभर. केर म्हणजे नेपती, जिला पानंच धरवत नाहीत आणि सगळा कारभार हिरव्या काटक्यांवर चालतो.

उद्यानातल्या सुदासरीला वनरक्षकानं सेवण गवताचा एक ठोंब दाखवला. वाऱ्यानं एका बाजूची वाळू उडवून नेली होती आणि मुळं उघडी पडली होती. मी एक मूळ बोटांत धरलं. मुळाभोवती वाळूचा अस्तराएवढा जाड थर चिकटला होता, सदऱ्याची बाही हातावर चढवावी तसा. चोळलं तरी निघेना. त्या बाहीच्या आत मूळ गार होतं. बाहेर वाळूला हात लावला तर चटका. मी ते परत झाकून ठेवलं. त्या ठोंबाच्या आडोशाला बिळाचं तोंड होतं, आणि वनरक्षक म्हणाला, हे सांड्याचं. काटेरी शेपटीची, अंगानं जाड अशी ही घोरपडीची लांबची भावकी. एवढी दांडगी दिसते, पण राहते पाल्यावर. तिच्या तेलाबद्दलच्या गैरसमजापायी लोक तिला मारतात. सांडा काही बाहेर आला नाही. दहा मिनिटं आम्ही दोघं बिळाकडे बघत बसलो आणि तो आत बसला.

मग माळढोक. तिकडे गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. तीन होते, फार लांब. दुर्बिणीतून काळी टोपी, पांढरी मान, तपकिरी पाठ. चालतो कसा, तर तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा. मान ताठ, चोच किंचित वर, एकेक पाऊल सावकाश, मध्येच थांबून एखाद्या बारीकशा गोष्टीकडे वाकून बघणार. वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड फारच थोडे. जमिनीवर, उघड्यावर, बहुतेक वेळा एकच अंडं. देशात मोकळ्यावर हे पक्षी आता दीडशेच्या आसपासच उरलेत आणि त्यांतले बहुतेक याच पट्ट्यात. मराठीनं या पक्ष्याचं नावच माळावरून ठेवलं. माळ हेच त्याचं घर. त्याला दूरवर दिसावं लागतं, मध्ये झाड आलेलं खपत नाही. आपण ज्याला रिकामेपण म्हणतो त्यावर तो जगतो.

इथे एक कबुली. नोकरीत असताना ‘हरित शाळा’ म्हणून मी मुलांना घेऊन एका मोकळ्या माळावर ग्लिरिसिडियाची रोपं लावली. फोटो काढले, प्रशस्तिपत्रकं वाटली. त्या माळावर चंडोल होते, गवताच्या बुडाशी खळग्यात घरटं करणारे. खड्डे खणताना एका मुलानं अंडी असलेलं घरटं दाखवलं होतं. मी त्याला म्हटलं, बाजूला खण. झाडं वाढली. चंडोल पुन्हा दिसले नाहीत. ‘वाळवंट हिरवं करू’ अशी घोषणा ऐकली की मला ते घरटं आठवतं.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. जमिनीवर सभोवार बघायला उत्तम, पण उडताना नाकासमोरचं नीट दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. त्या माळावरून आता विजेच्या तारा गेल्या आहेत, कारण ऊन आणि वारा तिथेच जास्त, म्हणून सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्पही तिथेच. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जा नको असं मी म्हणणार नाही. कोळसा जाळून हिमनद्या वितळवायच्या आणि मग हिमबिबट्यासाठी रडायचं, हाही दांभिकपणाच. माझं म्हणणं एवढंच की जागा निवडताना ‘तिथे काय काय आहे’ हा प्रश्न विचारायला हवा, आणि ‘ओसाड’ म्हटलं की तो प्रश्न विचारलाच जात नाही. (त्यातल्या त्यात चांगली बातमी : सम आणि रामदेवरा इथे माळढोकांची पैदास केंद्रं चालू आहेत आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ही बातमी आपल्याकडे छापून आली असेल तर माझ्या नजरेतून सुटली.)

शब्दाचा एवढा बाऊ का, असं आपल्याला वाटेल. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मला सरकारी ‘वेस्टलँड्स अ‍ॅटलास’ पाठवला, म्हणजे पडीक जमिनींची नकाशावही, २०१९ ची आवृत्ती. तिच्यात पडीक जमिनीचे २३ प्रकार आहेत. वाळवंटी वाळू हा एक प्रकार. उघडा खडक दुसरा. आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं, हिमाच्छादित प्रदेश व हिमनद्या हाही एक. सगळं मिळून ५ कोटी ५७ लाख हेक्टर, देशाच्या सुमारे १७ टक्के. नांगर चालत नाही आणि सारा मिळत नाही ती जमीन ‘वेस्ट’, हा गोऱ्या साहेबाच्या महसुली वहीचा हिशेब. साहेब गेला, रकाना राहिला. वर्गीकरणाला काहीतरी शब्द लागतो हे मान्य. पण ज्या बर्फावर उत्तर भारताच्या नद्या पोसतात त्याला पडीक म्हणणाऱ्या नकाशावहीला मी तरी पास केलं नसतं.

आणि हे आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत डेथ व्हॅली आहे, मृत्यूची दरी. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेली एक तुकडी तिथे वाट चुकली, हालअपेष्टा सोसून बाहेर पडली आणि नाव ठेवून गेली. टिंबिशा शोशोनी लोक त्याआधी शतकानुशतकं तिथे राहत होते. त्यांना कुणी नाव विचारलं नाही. जमिनीचा थोडा भाग परत मिळायला २००० साल उजाडलं. या मृत्यूच्या दरीत, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खालपासून ३,३६८ मीटर उंचीच्या शिखरापर्यंत, हजारावर जातींच्या वनस्पती आहेत. नामिबियाच्या किनाऱ्यावर नामिब-नौक्लुफ्ट आहे. तिथे पाऊस नसतोच म्हणा, पण समुद्रावरून धुकं येतं आणि एक काळा भुंगेरा वाळूच्या कडेवर डोकं खाली, पार्श्वभाग वर करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळून तोंडात येतात. मी तिथे गेलेली नाही आणि आता जाणारही नाही, पण सातवीच्या मुलांना त्या भुंगेऱ्यासारखं उभं राहायला लावलं होतं. तो तास कुणी विसरलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र मी आपल्या लेखाशी सहमत आहे. उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं त्यात कौतुक आहे, आणि ते खरं आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझे यजमान घांगरियाहून गेलो होतो. कामेट शिखराहून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये या दरीत उतरला आणि तिचं नाव जगभर झालं. ८७.५ चौरस किलोमीटर, १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान. पण माझी आठवण दरीतली नाही, तिथून हेमकुंडच्या चढावरची आहे. दगडांच्या बेचक्यात ब्रह्मकमळ होतं. आपण बाल्कनीतल्या कुंडीत रात्री फुललं म्हणून शेजाऱ्यांना बोलावतो ते ब्रह्मकमळ नव्हे, ते अमेरिका खंडातलं निवडुंग. हे खरं ब्रह्मकमळ. पिवळट हिरव्या, पातळ, कागदासारख्या पाकळ्यांची टोपली. आत डोकावलं तर जांभळट बोंडांचा एक कुरूपसा गुच्छ. ती ‘पाकळी’ खरी पाकळी नाहीच, ती फुलाभोवतीची पानं. बाहेर बोचरं वारं, आत हलकी ऊब, फुलानं स्वतःपुरतं बांधलेलं काचघर. माझ्या यजमानांनी बोट आत घातलं आणि म्हणाले, इथे राहता येईल.

त्या दरीत बकऱ्या-मेंढ्यांची चराई उद्यान झाल्यावर बंद केली. मग तिथे पॉलिगोनम नावाचं उंच वाढणारं तण फोफावलं, आणि ते आता दर वर्षी माणसं लावून उपटावं लागतं. चराई बंद केल्यामुळेच ते वाढलं का, यावर जाणकारांत वाद आहे. मला त्यातलं कळत नाही असं नाही, पण निकाल देण्याएवढं कळत नाही. थरमध्येही ओरणं आहेत, देवाच्या नावानं राखलेली राखणरानं. तिथलं झाड कुणी तोडत नाही, गुरं मात्र चरतात आणि माळढोकही फिरतो. रुंबाकची मालकीणबाई, सुदासरीचा वनरक्षक, ओरणातला गुराखी ही माणसं आपल्या लेखात कुठेच नाहीत. डोंगर ओसाड ठरवला की त्यांनाही आपोआप पुसलं जातं.

पत्र लांबलं. आपली शब्दमर्यादा मला ठाऊक आहे आणि कात्रीही. कापायचंच असेल तर ब्रह्मकमळ कापा, भरल ठेवा.

माझी विनंती साधी आहे. पुढच्या रविवारी एक दुरुस्ती छापावी, तेच छायाचित्र परत देऊन. मूळ फोटो आपल्याकडे मोठ्या आकारात असेल. तो संगणकावर उघडावा आणि खालचा डावा कोपरा मोठा करून बघावा. मी छापील कागदावर सात मोजले आहेत. त्या आठव्याचं काय ते मला कळवावं. त्याचीही खालची बाजू पांढरी निघाली, तर मी चुकले आणि ते आठ आहेत.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका